‘आमच्या खानदानात कोणी पीत नाही’ : दारूचे व्यसन वारशाने येते का?

अचलपूर-परतवाड्याकडे रिश्ता जुळवताना चौकशी अगदी बारीक होते. मुलगा काय करतो, नमाजी आहे का, घर स्वतःचे की भाड्याचे, बहिणींची लग्ने झाली का. दारूबद्दल मात्र सरळ कोणी विचारत नाही. विचारलेच तर आडून, “पोट्ट्याची संगत कशी आहे?” आणि उत्तर ठरलेले असते, “आमच्या खानदानात कोणी पीत नाही.”

बहुतेक घरांत हे उत्तर खरेच असते. दारू हराम, म्हणून ती कित्येक घरांच्या उंबऱ्याच्या आत पिढ्यान्‌पिढ्या आलेली नाही. पण काही घरांत हे उत्तर अर्धेच असते. एखादे चच्चा असतात, जे ‘लिव्हर खराब होऊन’ गेले. एखादे मामू असतात, जे कामाला म्हणून नागपूरला गेले ते गेलेच, आणि आता त्यांचे नाव घरात निघत नाही. साखर कोणाला होती, बीपी कोणाला होता, हे अम्मीला तोंडपाठ असते. चच्चांना नेमके काय झाले होते, हे पोरांच्या कानावर जाऊ दिले जात नाही.

त्या पोरांना हे कळायला हवे की नको, हा आमचा आजचा प्रश्न आहे. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : कळायला हवे. कारण दारूच्या व्यसनाचा धोका साखरेच्या आजारासारखाच वारशाने पुढे जातो. व्यसन स्वतः जात नाही, धोका जातो. हा फरक नीट समजून घेण्यासाठी आधी थोडा इतिहास पाहू. तो आपल्याच मुलखातला आहे.

वऱ्हाडात आलेले शहजादे

१५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबीबीने तहात वऱ्हाड मोगलांना दिले. त्या काळचे एलिचपूर म्हणजे आपले अचलपूर, इमादशाहीची जुनी राजधानी. या मोहिमेवर आलेला शहजादा मुराद हा अकबर बादशहाचा मुलगा. बाळापूरजवळचे शहापूर त्यानेच वसवले. पण दारूने तो आतून इतका पोखरला गेला होता की १५९९ मध्ये, वयाची तिशी गाठण्याआधीच, जालन्याच्या बाजूला छावणीत त्याचा मृत्यू झाला.

त्याच्यानंतर दख्खनची जबाबदारी धाकट्या भावाकडे, दानियालकडे आली. खानदेशाला काही काळ ‘दानदेश’ म्हणत, ते याच्याच नावावरून. मेळघाट ओलांडून पलीकडे उतरले की बऱ्हाणपूर लागते, तिथे दानियालचा मुक्काम असे. त्यालाही तेच व्यसन होते. एक मुलगा गमावलेल्या अकबराने दुसऱ्याभोवती पहारे बसवले, दारू आत जाऊ द्यायची नाही असा कडक हुकूम सोडला. दानियालने आपल्या माणसांपुढे गयावया केली. शेवटी एका बंदूकवाल्याने त्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीत भरून कडक दारू आत नेली. नळीतला गंज आणि बारुदीचा अंश त्या दारूत उतरला होता. दानियाल ती प्याला आणि कोसळला. साल होते १६०५. तेव्हा त्याने तिशी नुकतीच ओलांडली होती.

ही हकीकत लिहून ठेवली ती मोठ्या भावाने, जहांगीरने. आणि तो स्वतःबद्दलही काही लपवत नाही. आपल्या आठवणींत तो सांगतो की अठरा वर्षांचा होईपर्यंत औषधाचे एक-दोन प्रसंग सोडले तर त्याने दारू घेतली नव्हती. मग शिकारीत थकला असताना कोणीतरी एक पेला पुढे केला, बरे वाटेल म्हणाला. तो आवडला. मग रोजचे झाले. काही दिवसांनी द्राक्षाची दारू चढेना, म्हणून तो कडक अर्काकडे वळला. नऊ वर्षांत मजल दिवसाकाठी वीस पेल्यांवर गेली. हात इतके थरथरत की पेला धरता येत नसे, दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. तेव्हा हकीम हुमाम यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांनी कोणताही इलाज उरणार नाही. तेव्हापासून त्याने हळूहळू कमी करत वीस पेल्यांवरून सहा पेल्यांपर्यंत आणले. पुरती मात्र सुटली नाही.

एकाच बापाचे तीन मुलगे, तिघांच्या आया वेगवेगळ्या, आणि तिघांनाही हे दुखणे. मागे पाहिले तर अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम काबूलमध्ये १५८५ साली दारूनेच गेला होता, तोही तिशीच्या आसपास. आजोबांचे वडील बाबर भरपूर पीत. १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईआधी त्यांनी तौबा केली आणि पेले फोडले. पुढे पाहिले तर जहांगीरचा मुलगा परवेझ १६२६ मध्ये त्याच बऱ्हाणपुरात त्याच कारणाने गेला.

आणि त्याच जहांगीरचा दुसरा मुलगा खुर्रम, म्हणजे शाहजहान? त्याने चोवीस वर्षांचा होईपर्यंत दारूला हात लावला नव्हता. बापानेच वाढदिवसाच्या तुलादानावेळी आग्रह करकरून पाजली, हेही बापानेच लिहिले आहे. खुर्रमला तिची कधी विशेष ओढ लागली नाही. १६२०-२१ मध्ये दख्खनकडे येताना त्याने ती कायमची सोडली आणि सोबतचा साठा चंबळ नदीत ओतायला लावला. बाप तोच, महाल तोच, पण दोन भाऊ दोन टोकांना.

रक्त की संगत?

यावर कोणीही म्हणेल, अहो, शहजादेच ते. उठता-बसता दारू समोर, नको म्हणणारा कोणी नाही, मग वारशाचा काय संबंध? ही शंका अगदी रास्त आहे. आपल्या मोहल्ल्यातही तेच होते. पिणाऱ्या बापाचा मुलगा प्यायला लागला तर ते रक्ताने आले की रोज डोळ्यांसमोर पाहून आले, हे घरात बसून कळत नाही.

हे वेगळे करण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक वाट काढली. जी मुले जन्मल्यावर लगेच दुसऱ्या घरी दत्तक गेली, त्यांचा शोध घेतला. डेन्मार्कमध्ये दत्तकाच्या सरकारी नोंदी चोख असतात. डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे जन्मदाते दारूचे रुग्ण होते, पण जे लहानपणीच दुसऱ्यांच्या घरात वाढले, अशा मुलग्यांपैकी १८ टक्के मोठेपणी व्यसनी झाले. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हते, अशा दत्तक मुलग्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. बापाला कधी पाहिलेच नव्हते, तरी धोका साडेतीन पटींहून जास्त.

पण हाच आकडा उलटा वाचा. ज्यांच्या रक्तात वारसा होता, त्या शंभरातल्या ८२ जणांना व्यसन लागले नाही. लोक पहिला आकडा सांगतात, दुसरा सांगत नाहीत. आम्हाला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पिणाऱ्या बापाच्या पोराकडे मोहल्ला ज्या नजरेने पाहतो ती नजर चुकीची आहे, हे त्यातून दिसते.

जुळ्यांवरही असे पुष्कळ अभ्यास झाले. ते सगळे एकत्र करून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा दारूच्या व्यसनात वारशाचा वाटा साधारण निम्मा निघाला. ‘निम्मा’ याचा अर्थ लोक हमखास चुकीचा घेतात. अब्बा पीत होते म्हणून मुलाला लागण्याची शक्यता पन्नास टक्के, असा त्याचा अर्थ नाही. समाजात कोणाला व्यसन लागते आणि कोणाला लागत नाही, या फरकामागे जी कारणे आहेत, त्यांतली साधारण निम्मी जन्मजात आणि बाकीची परिस्थितीची, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा गैरसमज ‘दारूच्या जनुका’चा. आपल्या विदर्भात, विशेषतः मेळघाटाकडे, सिकलसेल सगळ्यांना माहीत आहे. तिथे एकाच जनुकातला एक बदल असतो. रक्त तपासले की कळते, कार्ड मिळते, लग्नाआधी दोघांची कार्डे पाहता येतात. दारूचे तसे नाही. शेकडो जनुके थोडा थोडा वाटा उचलतात. एकटे कोणतेच पुरेसे नाही. त्यामुळे तुमच्या मुलाला व्यसन लागेल की नाही हे सांगणारी रक्ततपासणी आज कुठेच नाही. कोणी तशी तपासणी विकत असेल तर पैसे वाचवा.

शरीरात नेमके काय वेगळे असते

दारू पोटात गेली की यकृत तिचे दोन पायऱ्यांत विघटन करते. पहिल्या पायरीत तिचे ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य बनते, दुसऱ्या पायरीत त्याचे निरुपद्रवी द्रव्य होते. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांमध्ये दुसऱ्या पायरीचे काम जन्मतःच मंद असते. एक घोट घेतला तरी तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, मळमळते. शरीरच सांगते, बस. अशा लोकांना व्यसन लागण्याचे प्रमाण खूप कमी आहे. भारतात हा बदल फार थोड्यांत आढळतो. म्हणजे हे जन्मजात कुंपण आपल्यापैकी जवळपास कोणाकडेच नाही.

उलट एक वेगळीच गोष्ट काही जणांकडे असते, आणि तिचे मित्रांमध्ये कौतुक होते. “याले कितीही पाजा, काही होतच नाही.” चार मित्र बसतात, तीन लडखडतात, चौथा सगळ्यांना गाडीवर घरी सोडतो. त्याला वाटते आपण दमदार. अमेरिकेत सॅन डिएगोचे मार्क शुकिट यांनी याच चौथ्याचा अभ्यास केला. विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली, ती किती चढते हे तपासले, आणि साधारण दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले. दारूच्या रुग्णांच्या मुलांपैकी ज्यांना विशीत कमी चढत होती, त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनी झाले होते. ज्यांना नीट चढत होती, त्यांच्यातले १४ टक्के. कमी चढते म्हणून माणूस जास्त पितो, जास्त पितो म्हणून मेंदू तेवढ्याची सवय करून घेतो. जहांगीरला द्राक्षाची दारू चढेनाशी झाली तेव्हा त्याने ती सोडली नाही, अधिक कडक घेतली. म्हणून ‘मले चढतच नाही’ हे वाक्य ज्या पोराच्या तोंडून येईल, त्याची काळजी आधी करावी.

तिसरी गोष्ट मेंदूची. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डॉ. विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात भारतीय कुटुंबांवर काम केले. एखादा खास आवाज किंवा चित्र समोर आले की मेंदूत सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात विजेची एक लाट उठते. ज्या घरांत दारूचे रुग्ण जास्त, त्या घरांतल्या पुरुष नातेवाइकांत ही लाट लहान आढळली. ज्यांनी दारू चाखलेलीही नाही अशा मुलांतही ती लहान असते, हे अमेरिकेत १९८४ मध्येच दिसून आले होते. याचा अर्थ लावताना तज्ज्ञ म्हणतात की अशा मुलांच्या मेंदूला स्वतःला आवर घालायला थोडे कठीण जाते. वर्गात एका जागी न बसणारा, मनात आले की करून मोकळा होणारा, रागावर ताबा नसलेला मुलगा. असा प्रत्येक मुलगा पुढे पिणार असे अजिबात नाही. पण घरात व्यसनाचा इतिहास आहे आणि मुलगा असा आहे, तर त्याला ‘बदमाश’ म्हणून झोडपण्याऐवजी एकदा मुलांच्या मानसोपचार तज्ज्ञाला दाखवलेले बरे. मारामुळे आवर वाढत नाही, आणि लहानपणी खाल्लेला मार हे व्यसनाचे आणखी एक कारण ठरते.

जिथे कोणी पीतच नाही, तिथे वारसा कसा दिसणार?

आता आपल्या समाजाचा मुद्दा. साखरेचा धोका घरात असला की दिसतो, कारण गोड सगळेच खातात. दारूचा धोका घरात असला तरी दिसत नाही, कारण दारू कोणी घेत नाही. दादा पीत नव्हते, परदादा पीत नव्हते. त्यांच्या शरीरात तो धोका होता की नव्हता, याची परीक्षाच कधी झाली नाही. ‘आमच्या खानदानात कोणी पीत नाही’ याचा अर्थ ‘आमच्या खानदानाला धोका नाही’ असा होत नाही.

दार बंद ठेवण्याचा फायदा खरा आहे, त्याला पुरावाही आहे. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील जुळ्यांच्या एका अभ्यासात असे दिसले की ज्या मुली धार्मिक वातावरणात वाढल्या, त्यांच्यात दारू सुरू करण्यावर वारशाचा प्रभाव जवळपास दिसेनासा होता. ज्या तशा वातावरणात वाढल्या नाहीत, त्यांच्यात तो साधारण चाळीस टक्के होता. मुलग्यांमध्ये फरक इतका स्पष्ट नव्हता. तो अभ्यास ख्रिस्ती समाजातला आणि पहिला घोट घेण्यापुरता होता, पण तत्त्व आपल्याला सहज पटेल : बी असले तरी पाणी न मिळाल्यास उगवत नाही.

अडचण पोरगा अचलपूर सोडतो तेव्हा सुरू होते. अमरावती, पुणे, हैदराबाद, आखात. कॉलेजचे होस्टेल, कंपनीची पार्टी, ट्रकची लाइन. घरचे कुंपण मागे राहते आणि शरीर सोबत जाते. ज्याला आपल्या शरीराबद्दल काहीच सांगितलेले नाही, तो पहिला पेला ‘एकदाच पाहू’ म्हणून घेतो. पुढे त्याचे मित्र थांबतात, त्याला थांबता येत नाही, आणि असे का होते हे त्याला कळत नाही. मग तो लपवतो. लपवतो म्हणून घरी कळेपर्यंत सहा-सात वर्षे जातात. एम्सने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातले १४.६ टक्के लोक दारू घेतात आणि ५.२ टक्क्यांना त्यामुळे उपचार किंवा मदतीची गरज आहे, असे नोंदवले आहे. म्हणजे पिणाऱ्या दर तिघांत एकाहून जास्त. ‘एखाद्या वेळी घेतली तर काय होते’ असे म्हणताना हा तिसरा कोण असेल, ते आधी सांगता येत नाही.

आणि धोका फक्त बाटलीतून बाहेर येतो असेही नाही. वेगवेगळ्या नशांमागचा जन्मजात वाटा पुष्कळसा सामाईक असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. ज्या घरात दारूला सक्त बंदी, त्याच घरात खर्रा दिवसाला सहा-सात पुड्या चालतो आणि कोणाला खटकत नाही. पोरगा खोकल्याचे औषध बाटलीने पितो, झोपेच्या गोळ्या खातो, तोंडाला वास येत नाही म्हणून घरच्यांना पत्ता नसतो. आमच्या मते आज वऱ्हाडातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत ही गोष्ट दारूइतकीच गंभीर आहे.

नानाकडचेही पाहा

वारसा म्हटले की आपण बापाकडचे खानदान पाहतो. जनुके मात्र निम्मी अम्मीकडून येतात. अम्मी स्वतः कधी पीत नव्हती, पण नाना पीत होते, मामू पीत होते, तर तो धोका अम्मीच्या मार्गाने मुलापर्यंत पोहोचू शकतो. बाया सहसा पीत नाहीत म्हणून त्यांच्यात तो झाकलेला राहतो, एवढेच.

आपल्याकडे चुलत-मामे भावंडांत निकाह होतात. यावर बाहेरचे लोक वाटेल ते बोलतात, म्हणून नेमके सांगतो. अशा निकाहामुळे दारूचे व्यसन लागते, असे काही नाही. मात्र एकाच दादाला व्यसन असेल आणि नवरा-बायको दोघेही त्याचीच नातवंडे असतील, तर त्यांच्या मुलांकडे तो वारसा दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. असा निकाह झालेला असेल तर घाबरायचे कारण नाही. मुलांशी बोलायला लवकर सुरुवात करा, इतकेच.

लवकर म्हणजे किती? अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या पाहणीनुसार पंधराव्या वर्षाच्या आत सुरुवात करणाऱ्यांत व्यसनाचे प्रमाण विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या चौपट होते. म्हणजे दहावीच्या आधी हे बोलणे झालेले असावे. त्यात गुनाह-सवाब मौलाना सांगतीलच. अब्बांनी किंवा मोठ्या भावाने वेगळे काही सांगायचे आहे. “तुझे चच्चा वाईट माणूस नव्हते. त्यांना दारूचा आजार होता. तो आपल्या घरात चालत आला आहे, जसा दादीचा शुगर चालत आला आहे. दुसऱ्यांना एक पेला पचेल, तुला पचेलच असे नाही.” एवढे दोन मिनिटांत होते. आब्रू जाईल ही भीती आम्हाला समजते. पण चच्चांचे मोहल्ल्याला आधीपासूनच माहीत असते. माहीत नसते ते फक्त घरातल्या पोराला.

घरात कोणी आधीच पीत असेल तर

दोन गोष्टी इथे सांगितल्याच पाहिजेत, कारण दोन्हींत जीव जाऊ शकतो.

पहिली रमजानची. रोज पिणारी कित्येक माणसे चांद दिसला की एकदम बंद करतात. नियत नेक असते, घरचे खूश होतात. पण ज्याचे शरीर वर्षानुवर्षे दारूवर चालले आहे, त्याला अचानक तोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रोज्याला हात थरथरणे, दरदरून घाम, झोप उडणे सुरू होते. काहींना फिट येते. काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलताना ऐकू येतात. घरच्यांना वाटते काही असर झाला, आणि माणसाला फुंकायला नेले जाते. हा दारू तुटल्याचा त्रास आहे आणि उपचार नसले तर त्यात मृत्यू होतो. दुआ जरूर करा, पण रुग्णालयात पोहोचून करा. रमजानच्या आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटले तर औषधांच्या आधाराने हीच दारू सुरक्षित सुटते. अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथून पुढे अमरावतीला पाठवतात.

दुसरी गोष्ट भिंतींवरच्या जाहिरातींची : ‘न सांगता दारू सोडवा.’ अशा कोणत्याही पुडीत काय आहे ते आपल्याला माहीत नसते. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. यकृतातली ती दुसरी पायरी ते मुद्दाम अडवते, म्हणजे चिनी-जपानी लोकांना जे जन्मतः होते ते औषधाने घडवते. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीत ते उपयोगी पडते. सालनात चोरून मिसळले आणि त्या माणसाने वर दारू घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून तो दगावू शकतो. बिचारी बायको नवऱ्याला वाचवायला जाते आणि भलतेच होऊन बसते. कोणी असा सल्ला दिला तर ऐकू नका.

घरातून फोनवर बोलायचे असेल तर नशामुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६. दोन्ही मोफत. टेली-मानसवर मराठीत बोलता येते. बायकोने, आईने, बहिणीने फोन केला तरी चालतो. पिणाऱ्यानेच करायला हवा असे नाही. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते आहे, तिथेही रुग्णासोबत घरच्यांना बोलावले जाते.

डॉक्टरांकडे गेल्यावर ते एक प्रश्न नक्की विचारतील : घरात आणखी कोणाला हा त्रास होता का? तेव्हा ‘आमच्या खानदानात कोणी पीत नाही’ असे म्हणू नका. चच्चांचे सांगा, मामूंचे सांगा, नानांचे आठवत असेल तर तेही. दवाखान्यातली माहिती मोहल्ल्यात येत नाही, आणि पुढचे औषध ठरवायला ती कामी येते.